नव्या यकृताचा जुना शेजारी

यकृतरोपणाचा इतिहास सांगणारे लेखक बहुधा १ मार्च १९६३ या दिवसापासून प्रारंभ करतात. अमेरिकेतील डेन्व्हर शहरी त्या दिवशी टॉमस स्टार्झल या शस्त्रवैद्याने एका तीन वर्षांच्या मुलाचे यकृत काढून तेथे दुसरे बसविण्याचा पहिला प्रयत्न केला. तारीख खरी आहे आणि मोठीही आहे. परंतु मी वैद्य नव्हे, जुन्या कागदांत रमणारा माणूस आहे. आणि हे कागद चाळू लागलो म्हणजे मला असे दिसते की, या कथेचे निम्मे सूत्र यकृताच्या हाती नाहीच. ते पाठीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंस निमूट बसलेल्या मूत्रपिंडांच्या हाती आहे. नवे यकृत मिळालेला माणूस किती जगेल आणि कसा जगेल, हे पुष्कळदा तीच ठरवितात. म्हणून मला आरंभ आणखी शंभर वर्षे मागून करावासा वाटतो.

त्या काळी युरोप-अमेरिकेत शवविच्छेदनाला मोठा मान होता. रोग जिवंतपणी ओळखावा आणि मृत्यूनंतर चाकूने पडताळून पाहावा, अशी रीत होती. बर्लिनचे फ्रेरिक्स यांनी १८६१ साली आणि न्यूयॉर्कचे ऑस्टिन फ्लिंट यांनी १८६३ साली या रीतीने यकृताच्या रोग्यांकडे पाहिले, तेव्हा दोघेही एकाच कोड्यापाशी येऊन थबकले. यकृत आक्रसून निबर झालेले, पोटात पाणी भरलेले, डोळे पिवळे. अशा रोग्याची लघवी अखेरच्या दिवसांत कमी कमी होत थेंबांवर येई. मूत्रपिंडांनी काम टाकले हे उघडच होते. पण मृत्यूनंतर ती मूत्रपिंडे चिरून पाहावीत, तर त्यांत नाव घेण्याजोगा बिघाड बहुधा सापडत नसे. फ्लिंट यांनी जलोदराच्या ४६ रोग्यांची टिपणे एकत्र करून हे लिहिले आहे. जलोदर आपल्याकडे फार जुन्या ओळखीचा. पोटाला छिद्र पाडून नळीने ते पाणी काढण्याचा विधी सुश्रुताने दिलेला आहे. पण पाणी काढून झाल्यावरही रोगी का मरतो, आणि मरताना त्याची चांगली दिसणारी मूत्रपिंडे संप का करतात, हा प्रश्न तसाच राहिला.

प्रश्नाला नाव मिळाले तेसुद्धा गैरसमजातून. १९३२ साली हेलविग आणि शुट्झ या अमेरिकन डॉक्टरांनी पित्ताशयावरील शस्त्रक्रियेनंतर मूत्रपिंडे बंद पडलेल्या रोग्यांचे वर्णन करताना यकृत आणि मूत्रपिंड यांची नावे जोडून एक शब्द घडविला. ते रोगी वेगळे, तो प्रकार वेगळा. पण नाव सोयीचे होते. ते पुढे आपल्या या जुन्या कोड्याला जाऊन चिकटले आणि आजतागायत सुटलेले नाही.

कोडे उकलू लागले ते १९५६ साली, लंडनमध्ये. शीला शरलॉक या बाईंचे नाव यकृताच्या वैद्यकात फार मोठे आहे. १९५९ साली त्या ब्रिटनमधील वैद्यकाच्या पहिल्या स्त्री-प्राध्यापक झाल्या. त्यांनी आणि हेकर नावाच्या सहकाऱ्याने यकृत अखेरीला आलेल्या नऊ रोग्यांचा बारकाईने अभ्यास केला. लघवीत मीठ जवळजवळ नाही, प्रथिन नाही, रक्तदाब उतरलेला. मूत्रपिंड स्वतः खराब झाले असते, तर प्रथिन गळले असते आणि मीठही अडवून धरता आले नसते. म्हणजे मूत्रपिंड शुद्धीवर होते. ते हुकूम पाळीत होते. रक्तवाहिन्या आवळणारे नॉर-अ‍ॅड्रिनलीन दिले की काही काळ फरक पडे, हेही त्यांनी पाहिले. या शेवटच्या गोष्टीकडे वाचकाने लक्ष ठेवावे; ती पुढे पुन्हा येणार आहे.

पाटाच्या पाण्यावर शेती करणाऱ्याला हे सारे चटकन समजेल. धरणात पाणी आहे तेवढेच आहे. पण वरच्या अंगाच्या गावांनी आपापली दारे सताड उघडी टाकली, तर शेवटच्या टोकाच्या शेतकऱ्याच्या चारीत ओलसुद्धा येत नाही. यकृत आक्रसले म्हणजे आतड्यांकडून येणाऱ्या रक्ताची वाट अडते. त्या भागातल्या रक्तवाहिन्या सैल पडून फुगतात आणि रक्त तेथेच तुंबून राहते. अंगातले रक्त कमी झालेले नसते, पण मुख्य पाटातला दाब ओसरतो. शरीराला वाटते, दुष्काळ पडला. मग दुष्काळात करावयाची सारी तजवीज सुरू होते: मीठ अडवा, पाणी अडवा, आणि मूत्रपिंडाकडे जाणाऱ्या बारीक धमन्या आवळून धरा. अडविलेले पाणी पुन्हा पोटातच जाऊन झिरपते. उपायच रोगाला खतपाणी घालतो. ही उपपत्ती एवढ्या स्वच्छपणे मांडली जायला १९८८ साल उजाडावे लागले. ते काम डेन्व्हरच्याच श्रायर यांच्या मंडळींनी केले.

परंतु उपपत्ती निराळी आणि पुरावा निराळा. तो १९६९ साली लॉस एंजेलिस येथील कोपेल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दिला, आणि माझ्या मते या सबंध इतिहासातले सर्वांत देखणे पान तेच आहे. यकृताच्या रोगाने मूत्रपिंडे बंद पडून मेलेल्या माणसांची तीच बंद पडलेली मूत्रपिंडे त्यांनी काढून घेतली आणि ज्यांचे यकृत चांगले पण मूत्रपिंडे कायमची गेलेली होती अशांना बसविली. कालपर्यंत थेंब न देणारी मूत्रपिंडे नव्या घरी जाऊन काम करू लागली! शंभर वर्षांपूर्वी फ्लिंटना चाकूखाली जे दिसले होते, त्याचा अर्थ आता लागला. मूत्रपिंड निर्दोष होते. पुढच्याच वर्षी एपस्टाइन यांनी दुसऱ्या वाटेने तेच दाखविले. जिवंतपणी घेतलेल्या क्ष-किरण चित्रांत या रोग्यांच्या मूत्रपिंडातील धमन्या आवळून गेलेल्या, जवळजवळ दिसेनाशा झालेल्या. मृत्यूनंतर त्याच मूत्रपिंडात रंगद्रव्य सोडले तर त्या झाडाच्या फांद्यांसारख्या भरभरून उमटल्या. आवळणारा हात सुटला होता. तो सुटण्यासाठी माणूस मरावा लागला, एवढाच काय तो त्यातला खेद.

कोपेल यांच्या प्रयोगात मृताची मूत्रपिंडे दुसऱ्याला दिली. मग याचे उलटे का करू नये? मूत्रपिंडे जागीच ठेवावीत आणि त्यांच्या शेजारचे यकृत बदलावे. अर्थात, त्यासाठी यकृत बदलता येणे आधी अवश्य होते, आणि १९६९ साली ती विद्या अजून रांगत होती.

आता डेन्व्हरकडे वळतो. १९६३ च्या त्या पहिल्या मुलाला रक्तस्राव झाला, आणि तो शस्त्रक्रियेच्या टेबलावरच गेला. मे महिन्यातला दुसरा रोगी २२ दिवस जगला. डेन्व्हरला पाच, बॉस्टनला एक आणि पॅरिसला एक, असे पहिले सात प्रयत्न झाले. त्यांतला कोणीही २३ दिवसांपलीकडे गेला नाही. स्टार्झल यांनी १९६७ पर्यंत हात आवरता घेतला. यातही मूत्रपिंडाचा एक धागा आहे, तो सहसा सांगितला जात नाही. शरीराच्या खालच्या भागातले रक्त हृदयाकडे नेणारी मोठी शीर यकृताला चिकटून वर जाते. जुने यकृत काढावयाचे म्हणजे ती चिमट्याने बंद करावी लागे. मूत्रपिंडांच्या शिरा उघडतात त्या याच मोठ्या शिरेत. तेव्हा नवे यकृत बसेपर्यंत मूत्रपिंडांतले रक्त बाहेर पडायला वाट नाही. तुंबलेले रक्त वळविण्यासाठी डेन्व्हरच्या मंडळींनी प्लॅस्टिकच्या नळ्या लावल्या, तर त्यांत गुठळ्या झाल्या आणि त्या फुप्फुसांत जाऊन बसल्या. २२ दिवस जगलेला तो रोगी अशाच गुठळ्यांनी गेला. पंपाने रक्त वळविण्याची सुरक्षित पद्धत पिट्सबर्ग येथे बसली ती १९८३ च्या सुमारास, म्हणजे तब्बल वीस वर्षांनी. पुढे तर मोठी शीर जागीच राखून नवे यकृत तिच्यावर बसविण्याची रीत रुळली, आणि पंपाचीही गरज बरीचशी उरली नाही.

१९६७ च्या जुलैत स्टार्झल यांनी एका लहान मुलीवर केलेली शस्त्रक्रिया साधली. ती वर्षाहून अधिक जगली. १९६८ च्या मे महिन्यात रॉय काल्न यांनी केंब्रिजला यकृत बदलले. त्याच वर्षीच्या फेब्रुवारीत मुंबईच्या के. ई. एम. रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांनी हृदय बदलण्याचा प्रयत्न केला होता, हे आपल्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असते. ते दिवसच तसे होते. धाडस पुष्कळ, औषधे तुटपुंजी, आणि स्मशानाची वाट वाहती.

त्या दिवसांतच, १९७३ साली, डेन्व्हरहून इवात्सुकी, स्टार्झल आणि त्यांच्या सहकाऱ्यांचा एक लहानसा निबंध प्रसिद्ध झाला. तीन रोगी. तिघांचेही यकृत गेलेले आणि त्यापायी मूत्रपिंडे थांबलेली. यकृत बदलले, मूत्रपिंडांना हातही लावला नाही. आणि ती पुन्हा चालू झाली. कोपेल यांच्या प्रयोगाची दुसरी बाजू अशी पुरी झाली. वैद्यकात एवढा रेखीव जोड क्वचितच पाहावयास मिळतो. फ्रेरिक्स आणि फ्लिंट यांच्या कोड्याला एकशेदहा वर्षांनी उत्तर मिळाले होते, आणि ते उत्तर हाच उपचारही होता.

येथे गोष्ट संपती तर किती बरे झाले असते! पण १९६३ पासून १९७९ पर्यंत डेन्व्हरला ज्या १७० जणांचे यकृत बदलले, त्यांपैकी वर्षभर जगलेले जेमतेम एक तृतीयांश. शरीर परके यकृत स्वीकारीत नसे, आणि ते स्वीकारावे म्हणून दिलेली औषधे रोग्याला कोणत्याही साध्या जंतूच्या तोंडी देत. अडचण सुटली ती मातीमुळे. स्वित्झर्लंडमधील बाझेल येथील सँडोज कंपनीची आपल्या नोकरांना अशी सूचना असे की, सुटीवर गेलात तर तिथली चिमूटभर माती पिशवीत घालून आणा. तीत एखादे उपयोगी बुरशीचे बीज सापडायचे. १९६९ साली नॉर्वेतील हार्डांगरव्हिड्डा या उजाड पठारावरून आलेल्या अशाच एका पिशवीत ती बुरशी निघाली. शरीराची प्रतिकारशक्ती आवरण्याचा तिचा गुण १९७२ साली ध्यानात आला. बोरेल आणि श्टेहेलिन ही त्या संशोधनातली मुख्य नावे. औषधाचे नाव सायक्लोस्पोरिन. ते पाण्यात विरघळेना. केंब्रिजला काल्न यांच्या प्रयोगशाळेत कोस्ताकिस नावाचा एक ग्रीक संशोधक होता. त्याने ते ऑलिव्हच्या तेलात विरघळवून उंदरांना दिले, आणि उंदरांत बसविलेली परकी हृदये टिकून राहिली. ग्रीक माणसाला ऑलिव्हचे तेल सुचावे यात नवल ते काय? आपल्या माणसाला तीळतेल सुचले असते.

उंदीर झाले, कुत्रे झाले. सर्वत्र औषध उत्तम ठरले. १९७८ साली काल्न यांनी ते प्रथम माणसांना दिले. हे पहिले रोगी मूत्रपिंडरोपणाचे होते. आणि जे कोणत्याही जनावरात दिसले नव्हते, ते माणसात दिसले: औषध मूत्रपिंडाला विषारी होते. मात्राही जबर होती, दर किलो वजनामागे रोज २५ मिलिग्रॅम. त्या डॉक्टरांची पंचाईत अशी की, नव्याने बसविलेले मूत्रपिंड बिघडले म्हणजे शरीराने ते नाकारले म्हणून बिघडले की औषधाने बिघडले, हे सांगता येईना. नाकारले असेल तर औषध वाढवावयाचे. औषधाने बिघडले असेल तर कमी करावयाचे. दोन्ही उपाय एकमेकांच्या नेमके उलटे, आणि निवडीला दिवस दोन दिवसांची मुदत. काल्न हे चित्रकारही होते, रोग्यांची चित्रे काढीत. १९८८ साली स्कॉटिश चित्रकार जॉन बेलानी याचे यकृत त्यांनी बदलले आणि त्याच्याकडून रंगकामाचे धडे घेतले. तो चित्रकार त्यानंतर पंचवीस वर्षे जगला. पण १९७८ सालचे ते निबंध वाचताना जाणवतो तो काल्न यांचा प्रांजळपणा: आपल्याच आशेचे औषध हाती आहे, आणि त्याचे विष पहिल्याच अहवालात लिहून टाकले आहे.

स्टार्झल यांनी त्याच औषधाची मात्रा आटोक्यात ठेवून स्टिरॉइडची जोड दिली, आणि १९८० पासून यकृताचे चित्र पालटले. वर्षभर जगणाऱ्यांचे प्रमाण दुपटीने वाढून सत्तर टक्क्यांच्या घरात गेले. १९८३ च्या जूनमध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थांनी बोलाविलेल्या तज्ज्ञांच्या परिषदेने हा आता प्रयोग राहिलेला नाही, उपचार झाला आहे, असा निर्वाळा दिला. आज जगात जेथे जेथे यकृत बदलले जाते, तेथे तेथे त्या निर्वाळ्याचे ऋण आहे.

मूत्रपिंडाच्या बाजूचा हिशेब पुढल्याच वर्षी, १९८४ साली, आला. तो स्टॅनफर्डच्या मायर्स यांनी मांडला, आणि त्यांचे रोगी हृदय बदललेले होते. निवड शहाणपणाची होती. या माणसांची मूत्रपिंडे त्यांची स्वतःचीच, जन्माची. तेव्हा शरीराने ती नाकारण्याचा प्रश्नच नाही. ती बिघडली तर आरोपी एकच उरतो. वर्षभराहून अधिक काळ सायक्लोस्पोरिन घेतलेल्यांची मूत्रपिंडे जुनी औषधे घेणाऱ्यांच्या मानाने निम्म्याच्या आसपास क्षमतेवर आलेली आढळली, आणि आतल्या ऊतीवर वण उमटलेले दिसले. आता मूत्रपिंड चिरले तर बिघाड सापडत होता. फ्लिंटच्या काळची निर्दोष मूत्रपिंडे ती नव्हेत.

आणि मौज म्हणावी की दैवदुर्विलास, हे औषध मूत्रपिंडाला धरते ते त्याच जागी, जेथे आजारी यकृताने धरले होते. मूत्रपिंडातील गाळणीकडे रक्त नेणारी जी बारीकशी धमनी, तीच ते आवळते. आधीचा हात सुटावा म्हणून यकृत बदलावे, तर दुसरा हात तेथेच येऊन बसतो. फरक एवढाच की पहिल्याची पकड सुटली की मूत्रपिंड पूर्ववत होई. दुसऱ्याची पकड वर्षानुवर्षे राहिली तर मूत्रपिंड कायमचे जाते.

जपानी संशोधकांनी १९८४ साली त्सुकुबा येथील मातीत दुसरे औषध शोधले. पिट्सबर्गला स्टार्झल यांनी १९८९ साली ते वापरात आणले, १९९४ साली अमेरिकेत त्याला परवाना मिळाला, आणि टॅक्रोलिमस या नावाने आज ते बहुतेक ठिकाणी सायक्लोस्पोरिनच्या जागी आहे. नावातला पहिला वर्ण गावाचाच. माती निराळी, सूक्ष्मजीव निराळा, रेणूची घडण निराळी. पण पेशीतला ज्या प्रथिनाला दोन्ही औषधे अडवितात ते एकच, हे १९९१ साली उघड झाले. म्हणून यकृत अधिक चांगले राखणारे हे नवे औषधही मूत्रपिंडाच्या बाबतीत जुन्याचेच भावंड निघाले.

किती जणांचे नुकसान झाले याची मोजदाद व्हायला २००३ साल यावे लागले. मिशिगन विद्यापीठाचे ओजो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९० ते २००० या काळात अमेरिकेत मूत्रपिंडाखेरीज अन्य अवयव बसविलेल्या ६९,३२१ लोकांचे कागद तपासले. त्यांपैकी ११,४२६ जणांची मूत्रपिंडे पार खालावली होती. यकृत बदललेल्यांत पाच वर्षांत असे होण्याचे प्रमाण १८.१ टक्के, म्हणजे पाचांत जवळजवळ एक. ज्यांची खालावली त्यांना मृत्यूचा धोका इतरांच्या साडेचार पट. हे आकडे पाहून काहींनी औषधांना दोष दिला. मला तो हिशेब अपुरा वाटतो. १९७० साली यकृत बदललेल्या माणसाला दहा वर्षांनी मूत्रपिंडाचा आजार होत नसे, कारण दहा वर्षे तो राहतच नसे. जगलेल्या माणसांचा हा आजार आहे. पण म्हणून तो सोसून घ्यावा असेही नाही. आणि वाढत्या वयात डायलिसिसच्या खुर्चीत आठवड्यातून दोन-तीनदा बसणाऱ्याला हा युक्तिवाद ऐकवायला मी धजणार नाही.

मधल्या काळात मूत्रपिंडाने आणखी एका दालनात प्रवेश केला होता: न्यायाच्या. यकृते थोडी आणि मागणारे फार; तेव्हा आधी कोणाला द्यावे? अमेरिकेत पूर्वी रांगेत काढलेले दिवस आणि डॉक्टरने पोटावर हात ठेवून केलेला अंदाज यांवर पुष्कळ भिस्त असे. अंदाज माणसागणिक बदले, आणि ओळखीपाळखीला वाव राही. मेयो क्लिनिकमध्ये पॅट्रिक कामथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी भलत्याच कामासाठी, यकृतात नळी बसवावयाच्या रोग्यांचा धोका मोजण्यासाठी, एक सूत्र तयार केले होते. २००२ च्या फेब्रुवारीपासून तेच यकृतवाटपाचे माप झाले. ‘मेल्ड’ या नावाने ते ओळखतात. त्यात तीनच आकडे: कावीळ दाखविणारे बिलिरुबिन, रक्त गोठण्याचा काळ, आणि मूत्रपिंडाचे क्रिएटिनिन. तोलून पाहिले तर क्रिएटिनिनचा गुणक ०.९५७ आणि बिलिरुबिनचा ०.३७८. यकृत कोणाला द्यावे हे ठरविताना यकृताच्या काविळीपेक्षा मूत्रपिंडाच्या साक्षीला कितीतरी अधिक वजन! क्रिएटिनिन १ वरून २ वर गेले की साडेसहाच्या वर गुण वाढत, आणि ४० गुणांच्या त्या मापात तेवढ्याने रांगेतली जागा पालटे.

या मापाने पुष्कळांचे प्राण वाचले, यात शंका नाही. मूत्रपिंडे थांबत आलेला रोगी लवकर मरतो आणि आता त्याला लवकर यकृत मिळू लागले. पण कोणतेही माप कोणाला तरी आखूड पडते. क्रिएटिनिन निर्माण होते ते स्नायूंत. ज्याच्या अंगावर मांस थोडे, त्याचे क्रिएटिनिन मूत्रपिंड बिघडले तरी कमीच दिसते. यकृताच्या रोगात अंग झडते, आणि स्त्रीचे अंग मुळातच हलके. तेव्हा सारखेच आजारी असलेले नवरा-बायको रांगेत उभे केले, तर बायको मागे राहावयाची. वीस वर्षे हे असेच चालले. २०२३ च्या जुलैत सुधारलेले माप लागू झाले. त्यात स्त्रियांना १.३३ गुण अधिक मिळतात, आणि क्रिएटिनिनची वरची मर्यादा ४ वरून ३ वर आणली आहे. सव्वा गुणाने काय होते, असे कोणी म्हणेल. रांगेत पुढे-मागे उभे असलेल्यांना विचारावे.

दुसरा पेच दोन्ही अवयव एकदम देण्याचा. यकृत आणि मूत्रपिंड एकाच माणसाला बसविल्याचे इन्सब्रुकच्या मार्गराइटर यांनी १९८४ साली कळविले होते. मेल्डच्या मापानंतर मूत्रपिंडे बिघडलेले रोगी पुढे येऊ लागले, तसे अशा दुहेरी रोपणांचे प्रमाण अमेरिकेत दुपटीहून अधिक वाढले. यात अन्याय असा की, यकृत बदलल्यावर कित्येकांची मूत्रपिंडे आपली आपणच सुधारली असती. इवात्सुकींचे तीन रोगी हेच सांगत होते. त्यांना दिलेले मूत्रपिंड वर्षानुवर्षे डायलिसिसवर थांबलेल्या कोणा तिसऱ्याच्या तोंडचे गेले. अखेर २०१७ च्या ऑगस्टमध्ये नियम झाले. मूत्रपिंडे किती दिवस आणि किती खालावली असतील तर दोन्ही द्यावीत, हे आखून दिले. आणि ज्याला केवळ यकृत मिळाले त्याची मूत्रपिंडे ६० ते ३६५ दिवसांच्या अवधीत सुधारली नाहीत, तर त्याला मूत्रपिंडाच्या रांगेत अग्रक्रम ठेवला. आधी वाट पाहा, मग द्या. मला हा नियम फार सुजाण वाटतो.

आपल्या देशात कायदा १९९४ चा. घटनेनुसार तो संसदेने करावा म्हणून ज्या राज्यांनी ठराव केले ती गोवा, हिमाचल प्रदेश आणि महाराष्ट्र, हे येथे नमूद करावेसे वाटते. १९९८ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या इंद्रप्रस्थ अपोलो रुग्णालयात दोन वर्षांच्या आतल्या एका मुलाला त्याच्या वडिलांच्या यकृताचा तुकडा बसविला. भारतातले हे पहिले यशस्वी यकृतरोपण. मराठीत यकृताचा घरगुती शब्द काळीज. संस्कृतातल्या ‘कालेय’ शब्दाचा अर्थ यकृतच. आपण ते काळीज भावनेच्या भरात छातीत नेऊन ठेवले, पण खाटकाच्या दुकानात कलेजी मागितली तर तो अजूनही यकृतच देतो. लेकराला आपण काळजाचा तुकडा म्हणत आलो. त्या बापाने ते अक्षरशः केले.

आपल्याकडची बहुतेक यकृते अजूनही अशी घरच्यांनीच दिलेली असतात. त्याचा मूत्रपिंडाशी एक संबंध आहे. रांग नसते, तेव्हा मूत्रपिंडे थांबण्याच्या आधी शस्त्रक्रिया करता येते. निदान येऊ शकते. पैसे जमवण्यात आणि दाता ठरविण्यात महिने गेले तर तो फायदा निघून जातो. महिना-दीड महिना डायलिसिसवर काढलेली मूत्रपिंडे नव्या यकृतानंतरही पुष्कळदा परतत नाहीत. त्या मधल्या काळात मूत्रपिंडे तगवून धरण्यास टर्लिप्रेसिन नावाचे महाग औषध आहे. युरोपात आणि आपल्याकडे ते बरीच वर्षे वापरात होते, अमेरिकेत परवाना २०२२ साली मिळाला. दिल्ली आणि चंडीगड येथील डॉक्टरांनी २००८ आणि २०१२ साली त्याच्याशी तुलना करून दाखविले की, साधे, स्वस्त नॉर-अ‍ॅड्रिनलीनही जवळपास तेवढेच काम करते. म्हणजे शीला शरलॉकबाईंनी १९५६ साली जे देऊन पाहिले होते, तेच.

शस्त्रक्रियेनंतरची रीतही आता बदलली आहे. पहिल्या दिवसांत टॅक्रोलिमस थोडे उशिरा आणि कमी द्यावयाचे, उणीव दुसऱ्या औषधांनी भरून काढावयाची. २०१३ साली अमेरिकेत यकृतासाठी मान्य झालेल्या एव्हरोलिमसने ही जागा काही अंशी घेतली आहे. यकृत नाकारले जाऊ नये आणि मूत्रपिंडही जाऊ नये, अशा दोन कडांमधली वाट दर रोग्यागणिक शोधावी लागते. मोठ्यांना ती वीस-पंचवीस वर्षे चालावयाची असते. दिल्लीचा तो मुलगा मोठा होऊन स्वतः डॉक्टर झाला. दोन वर्षांच्या आत ज्यांना आईबापांचे काळीज मिळाले, त्यांना साठ-सत्तर वर्षे जगावयाचे आहे, आणि जन्मतः मिळालेली दोन मूत्रपिंडे तितकी वर्षे पुरवावयाची आहेत. दर तपासणीला त्यांच्या हाती जो कागद येतो, त्यावर यकृताचे आकडे वर असतात आणि खाली एका ओळीत क्रिएटिनिन. जुनेजाणते रोगी, असे मी ऐकतो, कागद हाती आला की आधी ती खालची ओळ पाहतात.